दोन मिनिटांची काळी चौकट

“चौदा नंबर माहा हाय. मी हटत नाई!” मनकर्णाबाई कोथिंबिरीच्या पोत्यापुढे हात पसरून उभ्या राहिल्या.

“मावशी, माही चिठ्ठी पाहा ना. माह्यावरही चौदाच लिवलं हाय,” फुलकोबीचे क्रेट घेऊन आलेला बुधाजी म्हणाला. “माहा माल काय उन्हात उकडू?”

अमरावतीच्या त्या फळ-भाजी उत्पादक संघाच्या शीतगृहात खण चोवीस, आणि त्यांच्या चिठ्ठ्या देणारी टेबलं सहा. चौदा नंबरचा खण एकच होता आणि त्याच्या चिठ्ठ्या दोन, दोन्हींवर संघाचा शिक्का. मे महिन्याचं ऊन अकरालाच डोक्यावर आलं होतं. कोथिंबीर काही कुणाच्या चौकशीसाठी ताजी राहत नाही.

काय झालं ते चिठ्ठ्यांच्या एका टेबलावर बसणाऱ्या वर्षालीला तिथंच कळलं. सकाळी लाइट गेली आणि आली, सहाही कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाले. खणांची यादी आतल्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर असते आणि सगळी टेबलं त्याच एका यादीत लिहितात. ती यादी ज्या सामायिक ड्राइव्हवर असते, त्याच्यावर लाल फुली दिसली की मोठ्या कॉम्प्युटरशी जोडणी तुटली. तेव्हा थांबायचं असतं, पण समोर पन्नास माणसं ओरडत असताना थांबतंय कोण? शेजारच्या टेबलांवरच्या प्रतीक्षा आणि मैथिली, दोघींनी आपापल्या डेस्कटॉपवरची जुनी यादी उघडून धडाधड चिठ्ठ्या फाडल्या. दोघींच्या यादीत चौदा रिकामाच होता.

असं होऊ नये म्हणून वर्षालीनं मार्चातच उपाय केला होता. ड्राइव्ह आपोआप जोडला जावा अशी सोय आधीपासून होती, पण टेबलांवरचे कॉम्प्युटर लवकर जागे व्हायचे आणि आतला मोठा निवांत उठायचा. ते एकदा हाक मारून गप्प बसायचे. मग तिनं एक छोटी फाइल लिहिली: सुरू झाल्यावर दोन मिनिटं थांब, जोडलं जाईपर्यंत पुन्हा पुन्हा हाक मार. तेवढा वेळ पडद्यावर एक काळी चौकट दिसायची. दोन महिने अंगणात एक भांडण झालं नाही. कागदोपत्री ‘मदतनीस’ असलेल्या बाईनं हे केलं याचं कुणी कौतुक केलं नाही, कारण कुणाला ते कळलंच नाही.

मागच्या सोमवारी मात्र व्यवस्थापक स्वानंद साहेबांना ती चौकट दिसली.

“हा व्हायरस आहे! आधी काढा तो.”

तिनं समजावून पाहिलं. “ताई, मला शिकवू नका,” म्हणाले. तिनं सहाही ठिकाणची फाइल काढली.

आणि आज तेच साहेब, एरवी ज्यांना केबिनचा पंखा सोडवत नाही, अंगणात येऊन सगळ्यांना सांगत होते की चूक आमच्या ऑपरेटरबाईंची आहे. मग त्यांनी वर्षालीला आत बोलावलं. टेबलावर छापील माफीनामा तयार होता.

“सही करा, विषय संपला. तीस तारखेला तुमचं कंत्राट संपतंय, माहीत आहे ना?”

तिला चांगलंच माहीत होतं. सात वर्षं तिनं ते टेबल सांभाळलं होतं. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला.

“साहेब, फाइल मी मनानं काढली का तुमी काढाले लावली?”

“विषय तो नाही.”

“विषय तोच हाय. चूक माही असती तं बाहेर जाऊन मावशीचे पाय धरले असते. मी सही करत नाई.”

“मग काय करणार आहात?”

“आधी यादी जोडून देते. माणसं उन्हात हायेत.”

ती उठली आणि एकेका टेबलावर फाइल परत टाकत गेली. साहेब दारात उभे राहून बघत होते. एकेक करून सहाही पडद्यांवर काळी चौकट आली आणि दोन मिनिटांनी गेली. दोन्ही याद्यांतल्या वेळा तिनं ताडून पाहिल्या. मनकर्णाबाईंची नोंद चार मिनिटं आधीची निघाली. बुधाजीला सतरा नंबर मिळाला आणि तो क्रेट उचलायला लागला.

मग ती केबिनमध्ये परतली. माफीनाम्यावर सहीच्या जागी तिनं तीन ओळी लिहिल्या: फाइल का टाकली, कोणत्या तारखेला काढली, कोणाच्या सांगण्यावरून. खाली आपलं पूर्ण नाव. साहेबांनी त्या कागदाची घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली.

तीस तारखेला कंत्राट संपलं. मैथिली रडली. टेबल आवरताना वर्षालीला फार वाईट वाटत होतं. पण सही केली नाही याचं नव्हे.

जूनच्या पहिल्या सोमवारी ती पुन्हा आली. तिचा नवरा, देवीदास, संघाचा जुना सभासद. नांदगाव खंडेश्वरच्या शेतातून त्यानं झेंडूचे आठ क्रेट पाठवले होते. ती शेतकऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. नुकतीच लाइट जाऊन आली होती.

“कावून थांबवून ठेवलं वो?” पुढचा माणूस वैतागला.

“दोन मिनिटं. जोडून राह्यलं ते,” पडद्यावरच्या काळ्या चौकटीकडे बघत मैथिली म्हणाली. साहेबांनी केबिनमधून रांगेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

वर्षालीची पाळी आली.

“नाव?” मैथिलीला वर बघवेना.

“वर्षाली देवीदास खेरडे. झेंडू, आठ क्रेट.”

“एकोणीस नंबर.”

“पक्का?”

“पक्का, ताई. तुमच्या एकटीचाच.”

वर्षालीनं चिठ्ठी घेतली, पदर खोचला आणि पहिला क्रेट उचलला.