बारा राजीनाम्यांचं अक्षर

“हे अक्षर कुणाचं?”

कामगार कार्यालयातल्या बाईंनी टेबलावर बारा कागद पसरले आणि विचारलं. मग न राहवून म्हणाल्या, “काय सुरेख आहे हो! छापल्यासारखं.”

“माझं,” मास्तर म्हणाले. अक्षराची तारीफ ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हावं, हे उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. टॉर्चच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं हजेरीपुस्तक लिहिणारा हा माणूस. पण अक्षर असं, की कामगारांनी आपणहून त्यांना मास्तर करून टाकलं. कुणाचा रजेचा अर्ज असो, कुणाच्या लेकीच्या शाळेचा फॉर्म असो, सगळं त्यांच्याच टेबलावर यायचं. पण आता टॉर्च घेतो कोण? ज्याच्या त्याच्या फोनात उजेड! ऑर्डरी आटल्या आणि तीन महिन्यांपूर्वी मॅनेजरसाहेबांनी मास्तरांना आत बोलावून चहा पाजला. सत्तावीस वर्षांत कधी न पाजलेला चहा. तिथेच खरं तर ओळखायला हवं होतं.

“बाराजण कमी करायचेत, मास्तर. तुम्हीही आहात त्यात,” साहेब म्हणाले होते. “पण कागदावर ‘काढलं’ असं आलं की पुढे कुणी दारात उभं करत नाही. राजीनामा दिला की अब्रू राहते. सगळ्यांचे तुम्हीच लिहा, तुमचा शब्द ऐकतात सगळे. आणि तुमचं मी बघतो हो, नव्या गोदामात. फोन करतो.”

मास्तरांना पटलं. पटलं म्हणजे काय, जरा अभिमानच वाटला! दुपारभर बसून, प्रत्येक कागदाला पट्टीने समास आखून त्यांनी बारा राजीनामे लिहिले. ‘मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.’ पॉलिशवर एक पैलवान होता. काडीसारखा होता, म्हणूनच त्याला पैलवान म्हणायचे. तो सही करताना म्हणाला, “मास्तर, असं झकास लिहिता की नोकरी सोडावीशीच वाटते बघा!” सगळे हसले. मास्तरही हसले होते.

“स्वखुशीने सोडली म्हटलं की सगळं तिथेच संपलं,” बाई आता समजावून सांगत होत्या. “कमी केलं असेल तर आधी नोटीस द्यावी लागते, जितकी वर्षं काम केलं त्या मानाने भरपाई द्यावी लागते. आणि पुन्हा माणसं घ्यायची झाली, तर आधी तुम्हाला बोलवायचं. गेल्या महिन्यात त्यांनी नव्या गोदामात माणसं घेतली, माहीत आहे ना?”

माहीत नव्हतं. मास्तर रोज इस्त्रीचा शर्ट घालून आठ वाजता फोनपाशी बसत होते. “अहो, यायचा असता तर एव्हाना आला नसता का?” बायको एकदाच म्हणाली होती. मग तिने बोलणं सोडलं, शर्टाला इस्त्री करणं मात्र सोडलं नाही.

“कंपनी म्हणते, ज्याने त्याने आपल्या मनाने लिहून दिलं,” बाई म्हणाल्या. “आणि बारा माणसांना एकाच दिवशी, एकाच शब्दांत नोकरी सोडावीशी वाटली? बाकीच्यांनी तक्रार केलीय, त्यांचे जबाबही झालेत. पण लिहिणारा हात तुमचा आहे. मॅनेजरने सांगितलं म्हणून लिहिलं, एवढं लिहून द्या.”

लिहून दिलं की तो फोन यायचा उरलासुरला धागाही तुटणार. हे कळत असूनही माणसाची आशा कशी चिवट असते बघा! “घोटभर पाणी पिऊन येतो,” म्हणून मास्तर बाहेर सटकले.

बाहेर बाकावर पैलवानाची बायको बसली होती; नवऱ्याच्या जागी तिला बोलावलं होतं. छातीत कळ येऊन पैलवान गेला, त्याला पाच आठवडे झाले होते. तेव्हा मास्तर घरी जाऊन आले होते, पण हिच्याशी बोलायचा धीर झाला नव्हता.

“भावजी, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचारा ना, वहिनी.”

“ह्यांनी नोकरी आपणहून सोडली होती?”

मास्तरांनी तोंड उघडायच्या आतच ती पुढे म्हणाली,

“मी विचारलं की म्हणायचे, कंटाळा आला, सोडली. अगदी ऐटीत म्हणायचे. चांगली चालती नोकरी लाथाडली म्हणून मी काय काय बोलले हो त्यांना! सरळ शब्द नाही. ताट त्यांच्यासमोर आदळायचे मी. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा.”

पैलवानाने अब्रू राखली होती. मास्तरांनी समास आखून लिहून दिलेली अब्रू, मरेपर्यंत राखली होती त्याने.

“नव्हती सोडली,” मास्तर म्हणाले. “आम्हाला काढलं, वहिनी. मॅनेजरने सांगितलं आणि मी लिहिलं. कर सही, तुझ्याच भल्याचं आहे, असं मीच म्हटलं त्याला.”

आता ही आपल्याला फाडून खाणार, असं त्यांना वाटलं. खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

“मग मला का नाही सांगितलं त्यांनी?”

“लाज वाटते हो,” मास्तर म्हणाले. “मी तरी घरी कुठे सांगितलंय, काढलं म्हणून?”

तिने तोंडावर हात धरला आणि आवाज न करता रडली. मास्तर तिथे उभे राहू शकले नाहीत. ते आत गेले आणि म्हणाले, “द्या कागद. आणि पट्टी असेल तर पट्टी.”

“समास कशाला? साधं लिहा.”

“सवय आहे,” मास्तर म्हणाले.

त्यांनी पट्टीने समास आखला. मग एकेक ओळ सावकाश लिहिली. सही केली आणि मान वर केली, तर वहिनी शेजारी उभी. ओळीखालून बोट फिरवत तिने हळूहळू वाचलं: ‘आम्ही कुणीही स्वखुशीने नोकरी सोडली नाही.’

“बाई, याची एक प्रत मला मिळेल?”

“खाली झेरॉक्सवाला आहे.”

“नको, मी लिहून देतो,” मास्तर म्हणाले. त्यांनी दुसरा कागद ओढला, समास आखला आणि वर पैलवानाचं पूर्ण नाव लिहिलं. खाली एवढंच: ‘यांनी नोकरी सोडली नव्हती. यांना काढलं होतं.’

“घडी घालून देऊ, वहिनी?”

“नको भावजी, अक्षर मोडेल.”

दोन्ही तळहातांवर कागद सपाट धरून, समोरून येणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगत ती जिना उतरू लागली.