लाल चिठ्ठीची सांडशी

मी एक जुनी सांडशी आहे. माझ्यामुळे माझ्या मालकिणीच्या लेकीला, कादंबरीला, काय मिळायचं होतं, ते आधी मांडून ठेवते. डिसेंबरात संपणाऱ्या नोकरीच्या जागी कायमची नोकरी, तिच्या जोरावर जर्मनीत राहायची परवानगी, आणि वर चारचौघांत शाबासकी. एका सांडशीकडून एवढी अपेक्षा! मलाच हसू आलं होतं, मित्रांनो.

तुळशीबागेत कादंबरीच्या आईनं मला चारदा उघडून-मिटून पाहिलं, दुकानदाराशी हुज्जत घातली आणि दांड्यावर 'सौ. ऊर्मिला' असं नाव घालून घेतलं. सोळा वर्षं मी आमटीची पातेली उतरवली. मग पोह्यांच्या पुड्याखाली दडपून लेकीबरोबर लुडविग्सहाफेनला आले.

तिथे ती एका रंगाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत होती. भट्टीतून रंगाचे तापलेले डबे काढायचे. कंपनीचे हातमोजे इतके जाड, की डबा धरलाय की नाही तेच कळेना. शेजारच्या टेबलावरच्या हेर फोगलांच्या (हेर म्हणजे तिथले 'श्रीयुत') मनगटांवर जुन्या चटक्यांचे डाग होते. एके दिवशी कादंबरीनं मला कामावर नेलं. डब्याची कड माझ्या चोचीत अशी बसली, जणू आमटीचंच पातेलं.

"आल्झो, म्हणजे मग," फोगल म्हणाले, "तेहतीस वर्षं आम्ही काय करत होतो?"

"हात भाजून घेत होतात," कादंबरी म्हणाली.

पुढचे आठ महिने अपघातवहीत एक ओळ पडली नाही.

त्याच सुमारास विभागप्रमुख फ्राऊ ब्रांट यांनी 'धाडस करा, वेगळं करा' अशी स्पर्धा काढली. जिंकणाऱ्याच्या कायम नोकरीचा विचार होईल, असंही बोलून गेल्या. विचार करायला काही लागत नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. कादंबरीनं मलाच स्पर्धेत उतरवलं.

"अगं, सांडशीनं नोकरी पक्की होते होय?" आई फोनवर म्हणाली. "मग मी एव्हाना संचालक व्हायला हवी होते!"

पण आम्ही जिंकलो. फोटो निघाला. मध्ये मी, एका बाजूला कादंबरी, दुसऱ्या बाजूला ब्रांटबाई. मोठा करून जिन्यात लावला. तिथेच सुरक्षा-तपासनिसानं मला पाहिलं.

"हिच्यावर तपासणीचा शिक्का कुठाय?"

माझ्यावर फक्त सौ. ऊर्मिला.

"तपासणी झाली असेल, असं मी धरून चालले," ब्रांटबाई म्हणाल्या. ताकीदपत्र कादंबरीच्या नावानं निघालं.

"आठ महिन्यांत कुणाला चटका बसला नाही," ती म्हणाली. "वही बघा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तपासनीस म्हणाला. "म्हणजे आठ महिने नियम मोडला."

ताकीद मिळालेल्याला कायम करत नाहीत. डिसेंबरात तिची नोकरी संपली. माझ्या गळ्यात लाल चिठ्ठी बांधून मला कपाटात कोंडलं. ती मला परत मागायला आली, तर म्हणाले, पुरावा देता येत नाही.

मित्रांनो, मी फार मागत नाही. कुणी 'धाडस करा' म्हणालं, तर अंगाशी आल्यावर तुम्ही कुठे उभे असाल, एवढं त्यांना विचारा. उत्तर खरं मिळेल, असं मला वाटत नाही. तरी विचारा.

आता हिशेब. ब्रांटबाईंना फोटो राहिला, कादंबरीची बाजू कापून. तपासनिसाला नियम राहिला. कादंबरीला परतीचं विमान मिळालं. आणि मंगळवारी कपाटाबाहेर जाड हातमोज्यातून एक डबा सुटला. हेर फोगलांनी अपघातवहीत नवी ओळ लिहिली, डाव्या हातानं.