बटाट्याचं कार्ड

चौथा बटाटा टोपी घालून आला, तेव्हा मी पोलिसांना बोलावलं.

पहिले तीन मी हसण्यावारी नेले होते, निदान माझ्या नवऱ्यासमोर, कॅलमसमोर तरी. दाराच्या फटीतून टपालाबरोबर तपकिरी पाकीट पडायचं. आत कच्चा बटाटा, त्यावर शाईने काढलेले दोन डोळे, आणि चिठ्ठीवर दोनच शब्द: परत पाठवा. चौथ्याच्या डोक्यावर मात्र पिवळी विणलेली टोपी होती आणि डाव्या बाजूला हिरवा गोंडा. माझ्या इडीची टोपी हुबेहूब अशीच आहे, सासूबाईंनी विणलेली. ती टीव्हीवर एकदाही दिसलेली नाही. इडी ती घालते फक्त बागेत जाताना.

पोलिसाने बटाटा टेबलावर फिरवून पाहिला. "मॅडम, यात धमकी अशी काही दिसत नाही."

"कोणीतरी माझ्या मुलीला बागेत बघत होतं. गोंडा कुठल्या बाजूला आहे इतकं नीट."

"टीव्हीवर आलं की लोक ओळखतात हो," तो म्हणाला. आणि जाताना, मला वाटतं चांगुलपणानेच, "माझी बायकोसुद्धा बघते 'नववी किटली'. तिला बाळ आवडलं."

'नववी किटली' ही मालिका बारा वर्षांनी परत सुरू झाली होती. आकाशगंगेच्या राज्यासाठी चारशे युद्धनौका लढतात, आणि त्यांच्या मागून त्यांना चहा पुरवणारं एक जुनाट जहाज फिरत असतं. कप्तान भित्रा, आणि आचारी म्हणजे एक यंत्र, अत्यंत नम्रपणे खोटं बोलणारं. नऊ वर्षांची असताना मी ती बाबांच्या शेजारी बसून पाहिली आणि अकराव्या वर्षी तिच्या चाहत्यांच्या मंडळाची सभासद झाले. त्यामुळे लीड्सच्या स्टुडिओला सहा-सात महिन्यांचं मूल हवंय असं कळलं तेव्हा मी कॅलमला विचारलंसुद्धा नाही. नव्या मालिकेच्या दुसऱ्या भागात सम्राट मरतो आणि त्याचा वारस जहाजाच्या स्वयंपाकघरात अंड्यातून बाहेर येतो. तो वारस म्हणजे इडी. कानांना चंदेरी रंग, एकूण साडेचार मिनिटं.

किटलीवाले पेटले. 'बारा वर्षं थांबलो ते लंगोट बघायला?' 'लेखकांचं डोकं आटलं की बाळ आणतात.' 'हा बटाटा कोणाचा आहे?' 'बटाट्याला हवाबंद दारातून बाहेर फेका.' इडीला पाजता पाजता मी एका अंगठ्याने हे सगळं वाचत होते, दिवसचे दिवस. संतापाने दूध आटेल की काय अशी भीती वाटायची. आणि सर्वात वाईट म्हणजे ते मला कळत होतं. दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर मीही हेच लिहिलं असतं, आणि त्यांच्यापेक्षा झणझणीत लिहिलं असतं.

पण घराचा पत्ता? तो शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. तो आमच्याच मंडळाच्या सूचीत होता.

मालिकेत दिसलेल्या प्रत्येक माणसाचं मंडळाकडे एक कार्ड असतं. नुसतं कोपर दिसलेल्या माणसाचंही. नाव, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, कुठल्या भागात किती वेळ. मंडळाचे चिटणीस नॉर्मन टॅटरसॉल हल्ली ती स्वतःच्या हाताने लिहितात आणि मग मंडळाच्या संकेतस्थळावर चढवतात. रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीत त्यांची अडतीस वर्षं गेली. दर नाताळला मी त्यांना शुभेच्छापत्र पाठवते, पाठीमागे आमचा पत्ता लिहून.

मी फोन केला. "नॉर्मन, ते कार्ड काढा."

"अगं पोरी, मला वाटलं तुला आनंद होईल! आजवरचं सर्वात लहान वय आहे. जन्मवेळही लिहिली असती, पण ती मला माहीत नव्हती."

"लोक माझ्या घरात बटाटे टाकतायत."

"ते वाईटच. पण ते माणसांनी केलं, कार्डाने नाही. कार्ड निघत नाही, हे तुला मी सांगायचं? चूक असेल तर वार्षिक सभेत हात वर कर, दुरुस्त करू. आहे का काही चूक?"

चूक काही नव्हती. घराचा क्रमांकसुद्धा बरोबर होता.

फोन ठेवल्यावर मला फ्रीडा कॉलिस आठवली. तिने फक्त एका भागात रडणाऱ्या विधवेचं काम केलं होतं. अठराव्या वर्षी मी समितीत राहून कार्डं लिहीत होते, तेव्हा तिचं मंडळाला पत्र आलं. तिच्या फाटकापाशी एक माणूस येऊन उभा राहतो, कृपया माझ्या गावाचं नाव खोडा. नॉर्मननी उत्तर लिहायला मला दिलं, कारण ते कार्ड मीच लिहिलं होतं. मी लिहिलं, 'आमची सूची कुणालाही विसरत नाही.' त्या वाक्यावर मी खूश होते. खाली छोटी किटलीही काढली.

वार्षिक सभा नोव्हेंबरात, स्कारबरोच्या समुद्रावरच्या एका हॉटेलात. त्या शनिवारी कॅलमची कामावर पाळी होती. इडीला घरी ठेवायचं तर कुणाकडे? आणि त्या घराचाच तर पत्ता छापला होता. मी तिला छातीशी झोळीत बांधलं, आणि मुद्दाम पिवळी टोपी घातली. टोपीकडे कोण कसं बघतं ते मला बघायचं होतं.

दिवाणखान्यात नेहमीसारखं चहाचं मोठं पिंप मधोमध, शेजारी कार्डांच्या खणांचं लाकडी कपाट. पिंपाशी डॉट, सत्तरी उलटलेली, मला लहानपणापासून ओळखणारी.

"रोवीना! आण बघू तिला इकडे. अय्या, हीच ती टोपी! फोटोत जरा फिकट दिसते."

"कुठल्या फोटोत?"

तिने मोबाइल काढला. त्यावर आमची बाग होती, आमचा बाक, मी इडीला घास भरवताना. झाडीआडून काढलेला. खाली एकेचाळीस जणांचे शेरे.

"'कोण कुठे दिसलं' त्या पानावर आहे गं. छोटी टोपी पोचली ना? मीच विणली. एका सभासदाने मागितली, बाळाला गंमत म्हणून पाठवायचीय म्हणाला. गोंडा जमला की नाही?"

"नाव काय त्याचं?"

"दोनशे बारा नंबर."

"डॉट, नाव."

"ते कसं सांगू?" ती खरोखरच गोंधळली. "सभासदांची माहिती आपण बाहेर देत नाही. तूच होतीस ना समितीत."

नॉर्मननी घंटा वाजवली. साठेक माणसं बसली. कोणाच्या छातीवर किटली, कोणाच्या डोक्यावर कप्तानाची टोपी. चुकांचं वाचन सुरू झालं: तिसऱ्या भागात किटलीचं झाकण डावीकडे होतं ते उजवीकडे गेलं, वगैरे. मी हात वर केला.

"बोल, रोवीना. कुठलं कार्ड?"

"हॉलरॉइड, इडिथ मे."

"चूक काय आहे?"

"चूक नाही. ते काढून टाका."

कुजबूज झाली. मागून एक आवाज आला, "मग बटाट्याला घेऊन खाली बस!" सगळे हसले. सगळे हसतात म्हणून इडीही हसली, तोंडभर, दोन दात दाखवत. ते मात्र मला सहन झालं नाही.

"हसा," मी म्हणाले. "झाकण कुठल्या बाजूला गेलं ते तुम्हाला बारा वर्षं लक्षात राहतं. ही कुठल्या बागेत जाते, कुठल्या बाकावर बसते, तेही तुम्ही टिपलंत. लेखकांचा राग येतो? त्यांना लिहा, त्यांना पगार मिळतो. हिला अजून चालताही येत नाही. हिला कशाला बटाटे पाठवता रे भेकडांनो?"

"आम्ही सगळ्यांनी नाही पाठवले," पुढच्या रांगेतला एक जण पुटपुटला.

"एकेचाळीस शेरे आहेत. एकाने तरी विचारलं का, फोटो कोणी काढला म्हणून?"

मी कपाटाशी गेले. त्या खणांतली निम्मी कार्डं माझ्या अक्षरात आहेत, मला शोधावं लागलं नाही. आधी इडीचं काढलं. मग वरच्या खणातून फ्रीडाचं. आणि पिंपाचं झाकण उचलून दोन्ही चहात टाकली.

"रोवीना!" नॉर्मन उभे राहिले. पासष्ट वर्षांच्या माणसाचा आवाज लहान मुलासारखा फाटला.

"ज्याचं कार्ड खणात नाही, त्याचं नाव संकेतस्थळावर ठेवायचं नाही. दरवर्षी सभेत पडताळून काढायचं. ठराव माझा होता, नॉर्मन. कोणीतरी खोटी नावं घुसडली होती तेव्हाचा. तुम्हीच अनुमोदन दिलं होतं."

ते पिंपापाशी आले आणि आत डोकावले. मला वाटलं, आता म्हणतील की मी दुसरं कार्ड लिहितो. त्यांना सगळं पाठ असतं. पण नियम म्हटल्यावर त्यांचा नाइलाज असतो. त्यांनी लॅपटॉप उघडला.

"हॉलरॉइड, इडिथ मे. कार्ड नाही." कळ दाबून त्यांनी नाव काढलं. "कॉलिस, फ्रीडा. कार्ड..." ते थांबले. "ती चार वर्षांपूर्वी वारली. मृत्यूची तारीख मी घातली होती कार्डावर."

"तिच्या फाटकावरचा तो माणूस?"

"त्याचं काही मला माहीत नाही. तिने परत पत्र लिहिलं नाही."

लिहील कशाला? माझं उत्तर वाचल्यावर? मला तिची माफी मागायची होती, आणि आता मागायला कोणी उरलं नव्हतं. त्याचाही रागच आला, स्वतःचा. बागेतला तो फोटो किती जणांच्या मोबाइलमध्ये असेल हे मला ठाऊक होतं. ते चहात बुडवता येत नाहीत.

मी इडीच्या डोक्यावरची टोपी काढून डॉटच्या मांडीवर ठेवली.

"उसव."

"अगं, चांगली आहे की. तुझ्या सासूबाईंनी..."

"त्यांना मी सांगेन. ही टोपी आता साठ माणसं ओळखतात. उसव, डॉट. माझ्यासमोर."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा लावला. गोंडा कापला, टोक शोधलं आणि ओढायला लागली. पिवळी लोकर तिच्या मांडीवर वेटोळी होऊन पडत गेली. नॉर्मन पुढची नावं वाचत होते, एकेक कार्ड उचलून पडताळत, आवाज अजून नीट लागत नव्हता. इडी झोळीतून हात लांब करून त्या लोकरीकडे झेपावत होती. मी तिचे हात धरून ठेवले आणि टोपी पूर्ण संपेपर्यंत तिथून हलले नाही.