लावणीच्या आठवड्यातली हजेरी

मी लबाड माणूस नाही हो, पण भातलावणीच्या आठवड्यात पोरांना गैरहजर मांडायला माझा हात धजत नाही. कर्जतच्या आमच्या कॉलेजात सतरा वर्षं मी हेच करत आलो. पोरं शेतात चिखलात, आणि हजेरीपटावर सगळी हजर. कुणाचं काय जात होतं?

यंदा मात्र खालापूरकडच्या एका कारखान्याशी करार झाला. कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन त्यांनी कॉलेजात बसवून दिलं. सहा महिने इथं शिकायचं, मग वर्षभर तिथं काम, आणि पुढे कायम नोकरी. दोन वर्षं उंबरठे झिजवले मी त्यासाठी. अट एकच, हजेरी खरी हवी.

वीसजणांत पोशीरची हर्षला सगळ्यांत तयार. वडील नाहीत, आई एकटी. "लावणीला जा गं दोन दिवस," मी म्हटलं. "नको सर. आई म्हनली, मी लावते एकटी, तू मशीन सोडू नको. पंधराच दिस उरलेत. मला ही नोकरी पायजेच हाय."

बुधवारी कारखान्याच्या अधिकारी बाई न कळवता आल्या. मशीनवर हर्षला एकटी. हजेरीपटावर वीसच्या वीस हजर, माझ्याच अक्षरात.

"बाकीचे कुठे आहेत?" त्यांनी तिलाच विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाचवायला गप्प राहिली पोर! मग मीच सगळं सांगितलं, हात जोडले. "करार मोडा, पण हिला तरी घ्या. ही एक दिवस चुकलेली नाही."

"कशावरून?" बाई म्हणाल्या. "तुमच्या हजेरीपटात तर कुणीच चुकलेलं नाही."

तिची सहा महिन्यांची खरी हजेरी मी माझ्या हातानं खोटी करून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत करार रद्द झाला. आग लागो माझ्या चांगुलपणाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मागे बायांचा गलका.

"सर, मी लावनीला आलेय. आई लय दमलीय."

"तू ये गं, मी दुसरा कारखाना बघतो," मी म्हटलं. माझं मलाच खरं वाटेना.

"त्यासाठी नाय फोन केला, सर." रागावली असती तर बरं झालं असतं. "आज माझा खाडा मांडा. नायतर तुमी हजर लावाल."