मिरचीची तक्रार

फायर स्टेशनच्या फोनवर बसणारा रुपराव यमुताईंना आवाजावरून तीन वर्षं ओळखत होता. चेहरा मात्र त्याने कधी पाहिला नव्हता. कळमन्याच्या अंगाला, रेल्वेच्या मालधक्क्यालगत, मिरचीचा सातरा होता. भिवापूरकडची मिरची तिथे उतरायची आणि शंभरेक बाया तोंडाला फडकी बांधून दिवसभर देठ खुडायच्या. शेजारच्या नव्या सोसायटीत, तळमजल्यावर, यमुताई एकट्या राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. ठसका लागला की त्या फोन करत, आणि शुद्धलेखन घालावं तशा शेवटी म्हणत, "लिहून घ्या." रुपराव लिहायचा, 'मिरची'. सातऱ्यावर नसेल एवढी मिरची त्या रजिस्टरात साठली होती. रोज मरे त्याला कोण रडे!

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी अकराला फोन वाजला.

"डोळे जळताहेत हो. घसा धरलाय."

"सिझन हाय न, काकू. खिडक्या लावून घ्या."

"आज मिरची नाही. नळाच्या पाण्याला येतो ना, तसा वास आहे. पण फार उग्र."

रुपरावला हसू आलं. समोर चहा निवत होता. "पाण्याची तक्रार आमच्याकडे नाही येत, काकू. मिरचीच हाय ते. लयच त्रास असन तर सातऱ्यावर जा अन् तुम्हीच सांगा त्यायले."

पलीकडून खोकण्याचा आवाज आला. "बरं. लिहून घ्या."

त्याने लिहिलं.

वीस मिनिटांनी रेल्वेकडून फोन आला. धक्क्याजवळ मालगाडीचे दोन डबे रुळावरून घसरले होते. चाकंच तर उतरलीत, बोभाटा कशाला, म्हणून तिथल्या शहाण्यांनी आधी आपसातच निस्तरायचं ठरवलं होतं. एका डब्याच्या टाकीची झडप तुटली आहे, हे त्यांना डोळे चुरचुरायला लागल्यावर कळलं. टाकीत क्लोरीन होता. नळाच्या पाण्यात चिमूटभर घालतात तोच, पण टाकीभर.

गाड्या सुटल्या. पाठीवर हवेची नळकांडी बांधलेले जवान टाकीकडे गेले, बाकीच्यांनी वस्तीच्या बाजूला पाण्याचा पडदा धरला. हा वायू जड, जमिनीला धरून सरकतो. म्हणून लोकांना वाऱ्याच्या तोंडाकडे, उंचावर काढायचं होतं. रुपराव एका हाताने दवाखान्यांना कळवत होता, दुसऱ्याने यमुताईंचा नंबर लावत होता. घंटा वाजत राहिली. शेवटी त्याने वायरलेसवर सांगितलं, "तळमजल्यावर एक म्हातारी हाय. एकटी. आधी तिले काढा."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "दाराले बाहेरून कुलूप हाय, रुपराव."

सुटली बिचारी, असं त्याला वाटलं. त्याने निवलेला चहा उचललाही. मग तिला आपण कुठे जायला सांगितलं ते आठवलं आणि कप हातातून टेबलावर कलंडला. घरात दारं लावून बसली असती तरी चाललं असतं. सातरा धक्क्याच्या बाजूला होता, सोसायटीपेक्षा खाली.

ड्यूटी संपल्यावर तो यमुताईंना शोधत दवाखान्यात गेला. वॉर्डाबाहेर बाकावर एक बाई बसली होती, डोळे लाल, लुगड्याला मिरचीची भुकटी. भीमाबाई नाव. सातऱ्यावरचीच.

"तुमच्या बाया कशा हायेत?" त्याने विचारलं.

"साऱ्या बऱ्या हायेत, भाऊ. आमचा जलम मिरचीत गेला. मिरची नाकात चढते, हे तर छातीत उतरून राहिलं होतं. पयल्याच श्वासात समजलं अन् आम्ही पळालो. फाटकात ही बाई आडवी आली. मी म्हणलं, बाई, माघारी फिरा, ही मिरची नोहे. तर म्हणते, फायरवाल्यानं सांगितलं, मिरचीच हाय. माहा हात झटकला तिनं." भीमाबाईने पदराने डोळे पुसले. "मंग दोघीजणी ओला पदर बांधून परत गेलो. ओढत आणली. पण उशीर झाला होता. काहून सांगितलं असन गा त्यानं तसं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं रुपरावला.

आत यमुताई तोंडावर मास्क लावून पडल्या होत्या. आवाज केवढा खणखणीत, आणि बाई इतकी एवढीशी. तो न बोलता परतला असता तर तो येऊन गेल्याचं त्यांना कळलंही नसतं. तो तसा परत निघालाही होता. दारातून वळला.

"काकू."

त्यांनी डोळे उघडले. आवाज ओळखला. मास्क बाजूला केला.

"मिरची... नव्हती ना?"

"नव्हती, काकू. माही चूक झाली."

त्यांनी कसाबसा श्वास गोळा केला.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रजिस्टर उघडलं, अकराच्या नोंदीतल्या 'मिरची'वर रेघ मारली आणि पुढे 'क्लोरीन' लिहिलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. तोवर यमुताईंचा देह न्यायला पुण्याहून त्यांचा भाचा येऊन पोहोचला होता.