फ्रिजच्या दारावरची थाळी

हॉलमध्ये चौदा स्टुलं होती, चौदा म्हाताऱ्यांच्या उघड्या पाठी होत्या, काशाच्या चौदा थाळ्या होत्या आणि दोन बादल्या पाणी. वृद्धाश्रमातल्या नऊ बायका भिंतीला टेकून आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. त्यांतल्या शर्मिष्ठाबाई मोजत होत्या. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंना मोजल्याशिवाय काही पाहताच येत नसे.

थाळीवाले महाराज एकेका वाकलेल्या पाठीवर पाणी शिंपडत, थाळी दाबत आणि गरजत, "छातीत फ्लूचं जहर असेल तर थाळी धरून ठेवते! नसेल तर सोडून देते!"

सुधाकररावांच्या रुंद पाठीला थाळी चिकटली ती चिकटलीच. हॉलभर "अरे बाप रे!" झालं. महाराजांनी काढ्याची बाटली पुढे केली. नानांची थाळी मात्र हात काढताच ठण्णकन खाली पडली.

"या बुढ्याची छाती एकदम साफ!" महाराज म्हणाले. "याले सुई नको. सुई घेशील तर जहर आत जाईन!"

दारात सिस्टर निवेदिता लशींचा बर्फाचा डबा घेऊन ताटकळत उभी होती. तिच्या यादीतलं एकही नाव पुढे येईना.

बाईंनी नानांकडे पाहिलं. गेल्या थंडीत याच नानांना फ्लूनं बारा दिवस ऑक्सिजनवर ठेवलं होतं. कॅरम बोर्डासमोरची खुर्ची बारा दिवस रिकामी होती.

"नाना, लस घ्या हो."

"काहून घेऊ? माही थाळी पडली ना!"

थाळी तिघांचीच पडली होती: नाना, अनंतराव आणि दिवाकर. आश्रमातले सगळ्यांत हाडकुळे तिघे. बाई उठल्या.

"महाराज, एक थाळी द्या. एका पेशंटची फार काळजी वाटते. बिचारा बोलत नाही."

"आणा त्याले!"

"चालतही नाही. आपणच जाऊ."

बाई कोपऱ्यातल्या फ्रिजपाशी गेल्या. दारावर नळाचं पाणी शिंपडलं, थाळी दाबली, हात सोडला. थाळी जागची हलली नाही.

"अगं माय, फ्रिजले फ्लू झाला!" स्वयंपाकघरातल्या कांताबाई ओरडल्या. "होणारच! दिवसरात्र थंडीत राहते ना तो!"

महाराज सावरले. "मशीनमध्येबी बाधा राहते, दीदी."

"मग उतरवते." बाईंनी दार आणि थाळी टॉवेलनं कोरडी पुसली, थाळी पुन्हा दाबली. ठण्ण! "झाला बरा. औषध: टॉवेल."

हशा ओसरल्यावर त्यांनी थाळी उलटी करून दाखवली. "हिचा तळ किंचित खोलगट आहे. दाबली की आतली हवा निसटते, कडेचं पाणी बाहेरची हवा आत येऊ देत नाही. मग बाहेरची हवाच थाळीला दाबून धरते. नानांच्या फासळ्यांमध्ये खाचा आहेत, तिथून हवा शिरते. कांताबाई, मळलेली कणीक आणा."

खाचा कणकेनं भरल्या. थाळी नानांच्या पाठीवर घट्ट बसली.

"पाच मिनिटांत जहर आलं का हो, नाना?"

"कणीक आली," नाना म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

बाई हसल्या नाहीत. "थाळीनं एवढंच सांगितलं, की तुम्ही वाळलात. अशा अशक्त माणसालाच फ्लू जास्त भारी पडतो, आणि नेमकं त्यालाच हे सुई नको म्हणतात."

नानांनी पाठीवरची थाळी चाचपली. मग म्हणाले, "सुई घेतली का फ्लू होतच नाही?"

"होऊ शकतो. पण दवाखान्यात भरती व्हायची पाळी कमी जणांवर येते. हे हजारो लोकांवर मोजून पाहिलंय. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, नाना. कोणी काही सांगितलं की विचारा: मोजलं का? कसं मोजलं?"

महाराज थाळ्या गोळा करत होते. तेराच मिळाल्या.

"सिस्टर," नानांनी दंड पुढे केला, "मले पहिले टोच. थाळी राहू दे, बाईले मोजायचं असन."

त्या दिवशी तेवीसपैकी बावीस जणांनी लस घेतली. एकाला ताप होता, त्याला पुढची तारीख दिली. नानांच्या पाठीवर थाळी, कणकेसह, अकरा मिनिटं टिकली. लस टोचून झाली तेव्हा आठवं मिनिट चालू होतं.