अप्पांच्या डाव्या हातचं घड्याळ

घड्याळ ओरिजनल निघावं म्हणून लोक माझ्याकडं येतात. त्या दिवशी मात्र भिंग डोळ्याला लावून मी मनात म्हणायलो व्हतो, बसवण्णा, एवढं एक डुप्लिकेट निघू दे.

कलबुर्गीत लिलावाच्या आधी माल बघायला मांडला व्हता. श्रीपतरावांना जुन्या घड्याळांचा भारी नाद. बोली लावायच्या आधी मला खजुरीहून बोलावून घेतात. "शरणबसव, ह्ये तपास बघू," म्हणत त्यांनी एक घड्याळ हातात दिलं. फिकट पिवळी डायल, लांब निळे काटे. असलंच घड्याळ हातात ठेवून दोन वर्षांमागं आम्ही अप्पांना, माझ्या वडलांना, मातीत बसवलं व्हतं.

आमच्यात मयत जाळत न्हाईत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर जन्मभर गळ्यात घातलेलं इष्टलिंग ठेवतात, भोवती मीठ आन् विभूती भरतात. मी घड्याळ काढाय गेलो तर आई, आमची अव्वा, अंगावर धावून आली. "जिते असताना कधी काढलं न्हाई त्यांनी. आता कामून काढायलास?" राहू दिलं.

असली घड्याळं अप्पांच्या काळात घरोघरी व्हती, मी स्वतःलाच बजावलं. डायल बघितली, रंग मूळचा. काटे मूळचे. चावीसुदिक मूळची. पट्टा तेवढा नवा, आन् मशीन बंद. एरवी खूश झालो असतो. आता एकेक वस्तू खरी निघाली की पुढचीत खोट हुडकायचो.

"घाम कामून फुटलाय रे तुला?" श्रीपतराव म्हणाले.

"गप बसा की जरा!" मी खेकसलो.

मग झाकण उघडलं. दुरुस्ती केली की झाकणाच्या आत सुईनं मी माझी खूण ओढतो, पुन्हा हाताखाली आलं तर कळावं म्हणून. अप्पांच्या घड्याळातबी ओढली व्हती. तीन आडव्या रेघा, खाली ठिपका. खूण तिथंच व्हती. फटीतून शिरलेली विभूती रेघांत भरून बसली व्हती.

"कुणी आणलंय ह्ये?" मी लिलाववाल्याला विचारलं.

"तुमच्याच गावचे हायत की. मंजुनाथ. घरातलं जुनं हाय म्हणाले."

मंजुनाथ माझा धाकटा भाऊ. असल्या घड्याळांचे भाव मोबाइलवर त्यानंच मला दाखवले व्हते. आन् गेल्या श्रावणात, कुणी न सांगता, एकट्यानं राबून अप्पांच्या समाधीवर त्यानं सिमेंटचा कट्टा बांधला. गावानं काय वाहवा केली! मीसुदिक मिठी मारली हलकटाला.

तेवढ्यात अव्वाचा फोन आला. "शरणा, समाधीपाशी आलेय बघ. मंजू बी हाय संगं. लई गुणाचं लेकरू हाय रे."

"आरं, ओरिजनल हाय का न्हाई ते तर सांग," श्रीपतराव मागं लागले.

"हाय," मी म्हणालो. घड्याळ माझ्या मुठीत व्हतं, सोडवंना. ज्या हाताला ह्ये बांधलेलं, त्याच हातात अप्पांचं इष्टलिंग व्हतं. आयुष्यभर ज्याला त्यांनी मातीला लागू दिलं न्हाई ते.

"अव्वा, मंजूला दे फोन."

"काय अण्णा?" त्याचा नेहमीसारखा गोड आवाज आला.

"अप्पांचा हात ओढलास तवा लिंग खाली पडलं असंल. परत ठेवलंस का रं हातात?"

 फोनवर मागं अव्वा कट्ट्यावर तांब्यानं पाणी घालायली व्हती, तेवढंच ऐकू यायलं.